दसऱ्याचा हार

पेट्रोल स्वस्त होतं, तेव्हाची गोष्ट. खोतांची मोटार शेडमध्ये वर्षानुवर्षं पडून होती. दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार मिळे, बॉनेट मात्र कुणी उघडत नसे. एकदा खोत तिला घेऊन निघाले आणि पहिल्याच चढावर ती धापा टाकू लागली.

“पेट्रोल शिळं आहे!” कार्बोरेटर खेकसला.

“तुझ्याच नाकात घाण आहे!” पेट्रोल उसळलं.

“हिचं वय झालंय,” हॉर्न बोंबलला. त्याला तेवढंच येई.

एअर फिल्टरमधून उंदरीण डोकावली. “हळू बोला, पोरं झोपलीत.”

तिनं जुन्या हारांचं घरटं कोंबून मोटारीचा श्वासच बंद केला होता.

खोत उतरले. समोरच्या देवळाबाहेरून नवा हार आणून त्यांनी बॉनेटवर घातला आणि हात जोडले.

“उठा रे,” उंदरीण पोरांना म्हणाली, “वरच्या मजल्याचं सामान आलं!”