दुसऱ्या गुडघ्याची दोरी

समुद्रकाठच्या एका गावी एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्याकडे शहरात शिकलेली एक मुलगी शिष्या म्हणून आली. लाट जरा जोरात आपटली तरी दचकायची. पण हात कामसू होता. उन्हाळ्यात, ओहोटीच्या वेळी खडकांवरचे शेवाळ कापून, सुकवून तिने त्याचा अर्क काढला. अशा अर्काने काचेच्या ताटलीतल्या पेशींचा दाह शमलेला तिने कॉलेजात पाहिला होता.

आषाढात होड्या किनाऱ्याला ओढल्या गेल्या आणि मासे विकणारी मानकूबाय सुजलेले दोन्ही गुडघे घेऊन आली. "होड्या सुटल्या की माशांची टोपली घेऊन डोंगराची घाटी चढायचीय, आबा. बरी होईन ना?"

"नक्की होशील!" मुलगीच बोलून गेली.

वैद्य मानकूबायसमोर बसले. काथ्याच्या दोन दोऱ्यांनी त्यांनी दोन्ही गुडघे मापले, मापाला गाठी मारल्या. मग अर्क फक्त उजव्या गुडघ्याला लावायला सांगितला. डाव्याला काहीच नाही.

मुलीला ते निर्दय वाटले. मानकूबाय मात्र हसली. "एक पाय तरणा नि एक म्हातारा ठेवून मला नाचवताय काय, आबा?"

तीन आठवड्यांनी दोऱ्या पुन्हा गुंडाळल्या. उजवा गुडघा दोन बोटे उतरला होता. डावाही दोनच बोटे.

मुलगी रडवेली झाली. "म्हणजे माझा अर्क खोटा?"

"खोटा नव्हे, बाळ. त्याचा गुण अजून आपल्याला ठाऊक नाही, एवढेच. इतके दिवस हिच्या डोक्यावर टोपली नव्हती. विसाव्याचे श्रेय बाटलीला दिलेस, तर ही बाटलीच्या भरवशावर घाटी चढेल आणि कायमची बसेल."

मुलीने मानकूबायकडे वळून स्वतःच्या तोंडाने सारे सांगितले. मानकूबायने मान डोलावली.

"बरं झालं बोललीस. टोपली सुनेला देते, मी खाली बंदरावर बसून विकते. पण तुझं शेवाळ सोडणार नाही हां. वास ओळखीचा आहे."

आता आबा नाहीत, मानकूबायही नाही. मुलीचे केस पिकले. शेवाळावरचे काम अजून चालू आहे. प्रयोगशाळेतल्या तिच्या खणात काथ्याच्या दोन दोऱ्या आहेत, किंचित खारट वासाच्या. "बाई, सूज उतरली!" असे ओरडत कोणी धावत आले की ती अजूनही दचकते. मग हसून विचारते,

"आणि दुसरा गुडघा?"