जीप खाली घे

एकदा एक मिस्त्री आपल्या गुरूला चार वर्षं भेटला नाही. दोघांची घरं एकाच गावात, एकाच रस्त्यावर होती. भांडण झालं नव्हतं. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान मिटवता तरी आलं असतं.

गाव घाटाच्या पायथ्याशी होतं. गुरू म्हणजे तिथले म्हातारे मिस्त्री. सारी पंचक्रोशी त्यांना उस्ताद म्हणे. शिष्याचं नाव बाजी. वय पंचेचाळीस, कानशिलं पिकलेली, तरी उस्ताद दुरून येताना दिसले की हातातली विडी पाठीमागे जाई.

बाजी शिकला तो काळ निराळा. गावात गाड्या थोड्या, त्यात निम्म्याहून अधिक जीप. उस्ताद टपरीवर चहा पीत बसलेले असत आणि घाट उतरणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून म्हणत, "सरपंचाची आली. डावं बेअरिंग कुरकुरतंय." गाडी दिसायची मग सावकाश, वळणामागून. गॅरेज म्हणजे काय, तर पत्र्याचं छप्पर आणि जमिनीत खणलेला लांबट खड्डा. गाडी खड्ड्यावर उभी करायची आणि आपण खाली उतरायचं. रॉकेलमध्ये धुतलेल्या नटांचा वास, तारेला लोंबणारा बल्ब, आणि वरून येणारा संथ आवाज : "घाई नको. हात ठेव. काय म्हणतंय ते कळू दे." बाजीची सोळा वर्षं त्या खड्ड्यात गेली. ती सुखाची होती हे त्याला खड्डा बुजवल्यावर उमगलं.

कारण खड्डा त्यानेच बुजवला. उस्तादांनी थकल्यावर गॅरेज त्याच्या हाती दिलं आणि त्याने लिफ्ट आणली. दोन उंच खांब. बटण दाबलं की गाडी डोक्याच्या वर. वाकायला नको, चिखल नको. लिफ्टला जागा तीच हवी होती म्हणून खड्ड्यात विटांचे तुकडे भरले, वर सिमेंट ओतलं. उस्ताद बघायला आले, ओल्या सिमेंटच्या कडेला क्षणभर थांबले, "बरं केलंस" म्हणाले आणि घरी गेले. त्यानंतर ते गॅरेजकडे फिरकले नाहीत. उद्या जाऊन भेटू, असं बाजी रोज म्हणे. उद्याची सवय लागली की पाय जड होतात. तसे झाले.

मग हैबतीची जीप आली.

हैबती घाटावरच्या पाच वाड्यांची वाहतूक करी. वर जाणारा रस्ता शेवटी नुसत्या दगडगोट्यांचा, पुढच्या चाकांनाही इंजिनाचं बळ मिळेल अशीच गाडी तिथे चढे, आणि तशी गाडी त्या पाच वाड्यांत एकच होती. बाजार, दवाखाना, माहेरवाशीण, सगळं तिच्यातूनच. या जीपला पावसाळ्यानंतर एक खोड जडली. भरलेली गाडी घाट उतरताना वळणावर एखाद्या दगडावर आदळली की पुढची दोन्ही चाकं थडथडा हलू लागत, स्टेअरिंग हातातून निसटू बघे, आणि पार थांबल्याशिवाय ते थांबत नसे.

बाजीने जीप लिफ्टवर घेतली, चाकं हलवून पाहिली. पुढची दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय-रॉडच्या टोकांत थोडी ढिलाई होती, ती बदलली. आठ दिवसांनी हैबती परत आला. बाजीने, पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनची बेअरिंगं बदलली. पुन्हा आला. बाजीने चाकं तोलून घेतली, सगळा पुढचा ॲक्सल उकलून पुन्हा बसवला. जीप लिफ्टवर असताना स्टेअरिंग लोण्यासारखं फिरे.

चौथ्या खेपेला हैबती आला तो मंगळवार होता, बाजाराचा दिवस. त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

"बाजीराव, आज सकाळी कठड्याला घासून थांबली. आत बाळंतीण होती. आता मी हिच्यात माणूस बसवणार नाही. तुम्ही म्हणाला बरी झाली, तर शेवटची एकदा ऐकतो. नाहीतर उद्या भंगारात."

"आणि वाड्यांचं काय?"

"चालतील. आमचे आजे चालतच होते की."

बाजीने जीप लिफ्टवर चढवली, खालून बराच वेळ पाहिली. काहीही दिसेना. बरी झाली म्हणणं त्याच्या जिभेवर होतं, आणि ते म्हणायची त्याला भीती वाटत होती. शेवटी त्याने हात पुसले आणि चार वर्षांत न चाललेलं दोनशे पावलांचं अंतर चालून गेला.

उस्ताद ओट्यावर शेंगा सोलत होते. बाजीने पायांना हात लावला. "आलास?" एवढंच ते म्हणाले, जसा काही तो काल संध्याकाळीच उठून गेला होता. बाजीने सगळं सांगितलं. उस्तादांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि पायात वहाणा सरकवल्या.

गॅरेजात आल्यावर त्यांनी हत्यार मागितलं नाही. वर टांगलेल्या जीपकडे पाहिलं आणि हैबतीला विचारलं, "पुढच्या चाकांचं गिअर डांबरावर लावून ठेवतोस का रे?"

"नाही उस्ताद. फक्त गोट्यांच्या चढाला."

"बरं. बाजी, जीप खाली घे."

"अजून पुरती पाहिली कुठं..."

"खाली घे. आणि तिच्यात माणसं बसव."

बाजीला वाटलं, उस्तादांचं वय झालं. बाहेर चिंचेखाली वाड्यांवरची मंडळी बाजार उरकून, आज घरी कसं पोचायचं या घोरात बसली होती. उस्तादांनी त्यांनाच हाक मारली. रोज बसतात तशी बसा म्हणाले, सामानासकट. पुढे तिघं, मागे नऊ, मांडीवर पिशव्या. शिवाय दोन दणकट गडी पुढच्या बंपरवर उभे केले. एक म्हातारी दोन कोंबड्या घेऊन चढता चढता म्हणाली, "जाणार कुठं नाही म्हणता, मग आम्हाला कोंबताय कशाला?"

"तुमचं वजन हवंय, आजी."

"माझं कसलं वजन मेल्या, हाडं तेवढी! वजन हवं तर सरपंचाला बसव."

सगळे हसले. उस्तादही हसले. मग गाडीखाली उतरायला त्यांनी सवयीने खाली पाहिलं, तर खड्ड्याच्या जागी सिमेंट होतं. बाजीचे कान तापले. उस्तादांनी हैबतीला जीप रस्त्याकडेच्या कोरड्या चरावर आणायला लावली, चाकं दोन काठांवर आणि मध्ये माणूस मावेल एवढी पोकळी. चाकांना दगड लावून घेतले आणि धोतर खोचून सत्तरीचा तो माणूस चरात उतरला.

"हैबती, स्टेअरिंग डावी-उजवी हलव. जोरात. मी थांब म्हणेपर्यंत."

बाजी काठावर उकिडवा बसला. उस्तादांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांचा तळवा एकेका सांध्यावर टेके, तिथे थोडा थांबे, पुढे सरके. टाय-रॉड, किंगपिन, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश. हा हात बाजीने कितीदा पाहिला होता. बोटं आता वाकडी झाली होती, पण थांबणं तेच होतं. स्टेअरिंगचं वळण चाकांकडे पोचवणारा बॉक्स जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या पोलादी सांगाड्याला, बोल्टांनी आवळलेला असतो तिथे हात गेला आणि पुढे सरकलाच नाही.

"बाजी, उतर. डोळे मीट. तुझं नख इथं लाव."

बाजीने लावलं. वर हैबतीने स्टेअरिंग डावीकडे ओढलं, तेव्हा चासीच्या पोलादात नखाचं टोक आत गेलं. उजवीकडे ओढलं, तशी फट मिटली. पुन्हा उघडली, पुन्हा मिटली. बॉक्स शाबूत होता, बोल्ट घट्ट होते. ज्या चासीला ते आवळले होते तीच केसाएवढी चिरली होती, आणि दर वळणाला उघडझाप करत होती.

"चारदा पाहिलं मी," बाजी हळूच म्हणाला. "ही चीर नव्हती उस्ताद."

"होती. मिटलेली होती." उस्ताद चराच्या भिंतीला टेकून बसले, दम लागला होता. "अरे, लिफ्टवर चाकं हवेत लोंबतात. त्यांना रस्ता नाही, ओझं नाही, धरून ठेवणारं कुणी नाही. मग स्टेअरिंग गोडच फिरणार. तू तिला विचारलंस, बरी आहेस का? ती बरीच होती तेव्हा. जमिनीवर उभी केलीस, माणसं बसवलीस, चाकांनी मातीला धरलं, आणि मग वळायला सांगितलंस, की सगळा जोर त्या चिरेवर येतो. दुखतं ते तेव्हा. दुखणं शोधायचं तर ओझ्यासकट शोधावं, बाबा."

बाजीने मान वळवून लिफ्टच्या खांबांकडे पाहिलं. मग म्हणाला, "लिफ्ट काढून टाकू?"

"कशाला? तेल बदलायला झकास आहे. त्या खड्ड्यानं माझी कंबर खाल्ली, तुझी तरी वाचू दे."

वरून म्हातारी ओरडली, "अरे, उतरायचं का आम्ही? कोंबड्या घाबऱ्या झाल्यात!"

कुणी उठायच्या आत उस्ताद पुन्हा बोलले, आवाज मात्र खाली आला होता. "खड्डा बुजवलास त्या दिवशी मी बरं केलंस म्हणालो. बरं वाटलं नव्हतं मला. घरी जाऊन जेवलो नाही. ते तिथंच बोलायला हवं होतं. मीही त्या चिरेसारखा मिटून राहिलो, आणि तू वरून पाहिलंस, सगळं ठीक दिसलं."

बाजीने उस्तादांच्या काखेत हात घालून त्यांना चरातून वर घेतलं, आणि वर आल्यावरही हात काढला नाही.

दुपारभर खपून चीर खरवडून, वेल्डिंग करून वर जाड पट्टी ठोकली. ऊन कलताना मंडळी वर पोचली. बाजी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेला, हैबतीच्या ओट्यावर झोपला आणि सकाळी भरलेल्या जीपमध्ये बसून खाली आला. कठड्याच्या वळणावर त्याने रस्त्याकडे पाहिलं नाही, हैबतीच्या हातांकडे पाहिलं. बोटांची पेरं आवळून पांढरी झाली होती. चाक दगडावर आदळलं. स्टेअरिंग एकदा हललं आणि निमूट झालं. आणखी दोन वळणांनंतर हैबतीने एक हात सोडला आणि मागे वळून, दवाखान्याला निघालेल्या त्याच कोंबड्यांच्या म्हातारीला विचारलं, "काय आज्जे, झोपलीस की काय?"

ती खरोखरच झोपली होती.

बाजी गॅरेजपाशी उतरला नाही. दोनशे पावलं पुढे, उस्तादांच्या दारात उतरला.

आपणही आपल्या माणसांना 'कसं चाललंय' विचारतो, ते बहुधा सणावाराला, ती नटूनथटून पाटावर बसलेली असताना. एखाद्या मंगळवारी, डोक्यावर ओझ्याची पाटी असताना, चार पावलं बरोबर चालून विचारून पाहावं.