किर्रूची झोप आणि निळा पडदा

“कुणीतरी पडदा नेला! न विचारता नेला! असं वागतं का कुणी?”

कोण ओरडलं? किर्रू ओरडला. किर्रू म्हणजे एक रातकिडा. एवढासा. चिंचोक्याएवढा.

किर्रूचं घर पाळण्याखाली. पाळण्यात गोटी. गोटी म्हणजे एवढंसं बाळ.

रात्रभर किर्रू गायचा. किर्र किर्र! रात्रभर गोटी झोपायची. सकाळ झाली की किर्रू झोपायचा. गोटी तरीही झोपलेलीच. कारण खिडकीला होता निळा पडदा. आईच्या जुन्या साडीचा.

आज पडदा नव्हता. सूर्य उगवला. उजेड आत आला. थेट गोटीच्या डोळ्यांवर येऊन बसला.

“भ्यॅं!”

आई उठली. डोळे मिटूनच पाळण्याची दोरी ओढू लागली. कुईं कुईं! बाबा मात्र उठले नाहीत. घुर्र घुर्र!

किर्रू गाऊन गाऊन दमला होता. आता तो झोपणार कसा?

निघाला किर्रू. टुपुक टुपुक टुपुक. गेला खिडकीकडे.

“खिडकीताई, खिडकीताई,
गोटी उठली, झोप माझी गेली.
उजेड अडव ना!”

खिडकी म्हणाली, “अडवते की! माझी काही ना नाही. पण माझी दारं काचेची. आधी पडदा येऊ दे.”

टुपुक टुपुक टुपुक. किर्रू पडदा शोधू लागला. कपाटात? नाही. दोरीवर? नाही. मग दिसला. कोपऱ्यात आत्या बसली होती. आत्याच्या मांडीवर गोधडी होती. गोधडीच्या सगळ्यात वर पडदा!

“पडदेदादा, पडदेदादा,
गोटी उठली, झोप माझी गेली.
खिडकी म्हणते, आधी पडदा येऊ दे.
तू ये ना!”

पडदा म्हणाला, “येतो की! माझी काही ना नाही. पण मला शिवलंय रे. आधी टाका सुटू दे.”

टाका तिथेच होता. पांढरा, बारीक, ताठ.

“टाकेराव, टाकेराव,
गोटी उठली, झोप माझी गेली.
खिडकी म्हणते, आधी पडदा येऊ दे.
पडदा म्हणतो, आधी टाका सुटू दे.
तुम्ही सुटा ना!”

टाका म्हणाला, “सुटतो की! माझी काही ना नाही. पण आपणहून सुटलो तर लोक काय म्हणतील? कच्चा टाका म्हणतील. आधी सुई उसवू दे.”

सुई घाईत होती. सुळुक खाली, सुळुक वर. सुळुक खाली, सुळुक वर. किर्रूही तिच्याबरोबर मान हलवू लागला. खाली, वर. खाली, वर.

“सुईबाई, सुईबाई,
गोटी उठली, झोप माझी गेली.
खिडकी म्हणते, आधी पडदा येऊ दे.
पडदा म्हणतो, आधी टाका सुटू दे.
टाका म्हणतो, आधी सुई उसवू दे.
तू उसव ना!”

सुई म्हणाली, “उसवते की! माझी काही ना नाही. पण मी आत्याच्या चिमटीत. आधी आत्या थांबू दे.”

टुपुक! किर्रूने उडी मारली. आत्याच्या गुडघ्यावर बसला.

“आत्याबाई, आत्याबाई,
गोटी उठली, झोप माझी गेली.
खिडकी म्हणते, आधी पडदा येऊ दे.
पडदा म्हणतो, आधी टाका सुटू दे.
टाका म्हणतो, आधी सुई उसवू दे.
सुई म्हणते, आधी आत्या थांबू दे.
तुम्ही थांबा ना!”

आत्याने सगळं ऐकलं. मानसुद्धा हलवली.

“थांबते की! माझी काही ना नाही. पण आधी गोटी झोपू दे. अरे, काल गोटी शिंकली. म्हणजे गारठली. म्हणून तर पडदा काढला. म्हणून तर गोधडी शिवतेय. आणि बघ, आज सकाळीच उठली! म्हणजे ही गोधडी पातळच पडणार. उद्या स्वयंपाकघरातलाही पडदा काढते.”

आई डोळे मिटूनच म्हणाली, “वन्सं, मला वाटतं, तिला उजेडाने...”

“तू नको बोलूस गं,” आत्या म्हणाली. “दमलीयेस. आणि उजेडाला कशाला नावं ठेवतेस? छान उजेड आलाय. सुई कशी पटकन ओवली मी!”

कुईं कुईं, पाळणा. भ्यॅं भ्यॅं, गोटी. घुर्र घुर्र, बाबा.

टुपुक टुपुक टुपुक. किर्रू गेला गोटीकडे.

“गोटूबाई, गोटूबाई,
तू उठलीस, झोप माझी गेली.
खिडकी म्हणते, आधी पडदा येऊ दे.
पडदा म्हणतो, आधी टाका सुटू दे.
टाका म्हणतो, आधी सुई उसवू दे.
सुई म्हणते, आधी आत्या थांबू दे.
आत्या म्हणते, आधी गोटी झोपू दे.
तू झोप ना!”

गोटीला बोलता येत नव्हतं. तिने डोळे बारीक केले. मूठ डोळ्यांवर घासली. खिडकीकडे हात केला.

“भ्यॅं!”

म्हणजे काय? म्हणजे, “झोपते की! माझी काही ना नाही. पण आधी खिडकी उजेड अडवू दे.”

“खिडकी? पुन्हा खिडकी?” किर्रू ताडकन उभा राहिला. “सगळे हो म्हणतात! कुणाचीच ना नाही! मग होत का नाही?”

सुई सुळुक खाली गेली. सुळुक वर आली.

“मग मीच अडवतो उजेड!”

टुपुक! किर्रू पाळण्याच्या काठावर चढला. उजेडाच्या वाटेत उभा राहिला. पाय रोवले. पंख पसरले. केवढा मोठा झाला! दोन चिंचोक्यांएवढा.

त्याची सावली पडली. कुठे पडली? गोटीच्या एका डोळ्यावर. बरोब्बर एका.

तो डोळा मिटला.

दुसरा उघडाच. पण रडणं झालं अर्धं.

“भ्य.”

आत्याने वर पाहिलं. “अगं बाई! एकच डोळा झोपला?”

आत्या उठली. दुसऱ्या डोळ्यावर हात धरला. तोही डोळा मिटला. गोटी गप्प.

हात काढला. “भ्य!”

हात धरला. गप्प.

हात काढला. “भ्य!”

हात धरला. गप्प.

“अगं, हिला गारठा नव्हे, उजेड लागतोय!” आत्या म्हणाली.

“तेच म्हणत होते, वन्सं.”

“मग मोठ्याने म्हणायचं ना! ये, तू हात धर इथे.”

आईने गोटीच्या डोळ्यावर हात धरला. आत्या लगबगीने कोपऱ्यात गेली.

आता काय झालं?

आत्या थांबली.
सुईने उसवलं. टच टच टच.
टाका सुटला.
पडदा आला. सळसळ सळसळ.
खिडकीने उजेड अडवला.
उजेड बाहेरच थांबला.

आईने हळूच हात काढला. गोटीचे दोन्ही डोळे मिटलेले. गोटी झोपली. आईही तिथेच पाळण्याला टेकून झोपली.

खिडकी पुटपुटली, “मी तर पहिल्यापासून तयार होते.”
पडदा पुटपुटला, “मीसुद्धा.”
टाका पुटपुटला, “मीसुद्धा.”
सुई पुटपुटली, “मी तर कधीपासून!”

किर्रूने काही ऐकलं नाही. तो टुपुक टुपुक पाळण्याखाली गेला होता. मिशा आवरल्या. पंख मिटले. झोपून गेला.

कुईं कुईं नाही. भ्यॅं भ्यॅं नाही. फक्त घुर्र घुर्र.

आत्या कोपऱ्यात बसली होती. मांडीवर गोधडी. पण गोधडीला आता वरचा थर नव्हता.

आत्याने इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. मग बाबांच्या अंगावर पाहिलं.

सर्रर्र!

बाबा उठून बसले. केस उभे. डोळे अर्धे.

“कुणीतरी माझी चादर नेली!” बाबा म्हणाले. “गोटी रडत होती, तेव्हा किती छान झोप लागली होती!”