मीठ मागायला गेलेली राणी

उत्तरेला एक मोठे साम्राज्य, दक्षिणेला दुसरे आणि दोघांच्या मधल्या खिंडीत एक राज्य, अशी ही फार जुन्या काळची गोष्ट. उत्तरेचा दरारा ओसरत होता, दक्षिणेचा वाढत होता. खिंडीचे राज्यही आता पूर्वीसारखे दुबळे राहिले नव्हते. तिथल्या राणी मृगावतीने विहिरी खोदल्या होत्या, विणकर वसवले होते, सैन्य उभे केले होते.

एकदा उत्तरेचा दूत आला. "दक्षिणेच्या व्यापाऱ्यांना खिंड बंद करा. नाहीतर आमच्याशी वैर!"

पाठोपाठ दक्षिणेचा दूत आला. "उत्तरेच्या व्यापाऱ्यांना अडवा. नाहीतर आमचं मीठ बंद!"

राणीने दोघांनाही एकच उत्तर दिले, "व्यापाऱ्यांना वाट मोकळी राहील. सैन्याला नाही, मग ते कोणाचंही असो."

मीठ बंद झाले. घरोघरी अळणी जेवण. लोक कुरकुरू लागले.

राणीचा सेनापती म्हणाला, "राणीसाहेब, पलीकडच्या डोंगरात खाऱ्या तळ्याचं एक चिमुकलं राज्य आहे. थोडे स्वार पाठवू, तळं आपलं होईल. त्यांना विचारतंय कोण?"

राणीलाही क्षणभर मोह झाला. मग ती म्हणाली, "त्या दूतांचा आपल्याला राग का आला? ते विचारत नव्हते, बजावत होते, म्हणूनच ना?"

ती स्वतः गेली. तळ्याचा म्हातारा राजा आपल्या माणसांबरोबर मिठाचे ढीग लावत होता.

"आम्हाला मीठ द्याल का? बदल्यात कापड देऊ, गोड्या पाण्याच्या विहिरी खोदून देऊ."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर आम्ही अळणी खाऊ."

म्हातारा हसू लागला. "एवढं सैन्य असणाऱ्या कोणी आम्हाला आजवर 'द्याल का' असं विचारलं नव्हतं. न्या. पण आमच्या लोकांपुरतं ठेवून."

ही बातमी डोंगरभर पसरली.

हिवाळ्यात उत्तरेची फौज खिंडीच्या तोंडाशी आली. तिच्या सरदाराने वर पाहिले, तर कड्याकड्यांवर माणसे उभी! राणीचे सैन्य तर होतेच, पण आजूबाजूच्या साऱ्या लहान राज्यांचे लोकही होते. कोणाकडे गोफण, कोणाकडे नुसती काठी. राणीने त्यांना बोलावलेही नव्हते. सरदाराने घोडा मागे वळवला.

पुढे दोन्हीकडचे दूत पुन्हा आले. या वेळी ते हळू आवाजात विचारत होते, "आमच्या तांड्यांना वाट मिळेल का?"

राणीने दोघांना एकाच पंगतीत जेवायला बसवले.

तात्पर्य एवढेच: मोठ्यांकडून जो मान आपल्याला हवा असतो, तो लहानांना आपण आधी द्यावा. वाढत्या बळाला खरे सोबती त्यातूनच मिळतात.