राजाच्या हौदातले खेकडे

फार जुन्या काळची गोष्ट आहे. समुद्रकाठच्या एका राज्यात एक राजा होता आणि त्याला माशांचं भारी वेड होतं. त्याने महालाच्या अंगणात दगडी हौद बांधून घेतला, तळाशी पोवळ्याचे खडक रचले आणि कावडीने समुद्राचं पाणी आणून भरलं. त्यात निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे तीस मासे सोडले. खडकांच्या फटींतून काही खेकडेही आत आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं कौतुकही कोणी केलं नाही.

राजाचा एक नेम होता. जेवण झालं की पानातला मूठभर तूपभात तो हौदात टाकायचा. मग प्रधान टाकायचा, मग सेनापती, मग दरबारातले झाडून सगळे. न टाकणाऱ्याच्या निष्ठेवर संशय घेतला जायचा. इनमिन तीस मासे आणि पन्नास मुठी भात! पण हे बोलणार कोण?

काही दिवसांनी मासे कमी होऊ लागले. आज एक नाहीसा झाला, उद्या दोन. कधी नुसता काटा सापडायचा, कधी तोही नाही. राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझ्या अंगणात येऊन माझी लेकरं खातंय कोण?" तो गरजला आणि स्वतःच हौदाच्या काठावर पहारा द्यायला बसला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी त्याने पाहिलं. एक खेकडा मेलेला मासा नांगीत धरून खात होता.

"सापडला! पकडा या मारेकऱ्यांना!"

हौदाची राखण करणारी म्हातारी कोळीण पुढे आली. "महाराज, मासा आधी मेला, मग खेकड्यानं खाल्ला. पान्याला वास येतोय. भात टाकायचा बंद करा."

"राजाच्या पानातल्या अन्नाने मासे मरतात? जीभ सांभाळ, म्हातारे!"

दरबार भरला. खेकड्यांच्या म्होरक्याला परातीत ठेवून राजापुढे आणलं.

"महाराज, आम्ही मेलेलं खातो," तो म्हणाला. "पोहणारा मासा आमच्या हाती लागेल तरी कसा? तुमचा भात कुजतो, तोही आम्हीच उचलतो. मासे मरतात कशाने, हे एकदा तरी विचारा!"

कोणी विचारलं नाही. दरबारात कुणालाच खरं ठाऊक नव्हतं असं समजू नका. चांगलं ठाऊक होतं. पण प्रत्येकाच्या हाताला तूप लागलेलं होतं. खेकडे मारेकरी ठरले, गावभर तशी दवंडी पिटली आणि त्यांना टोपलीत भरून समुद्रात फेकून दिलं. त्या आनंदात सगळ्यांनी हौदात दोन-दोन मुठी भात टाकला. लाज कशी वाटली नाही त्यांना!

चार दिवसांत पाणी दुधासारखं गढूळ झालं. मासे उलटे होऊन तरंगू लागले. एकाच्याही अंगावर ओरखडा नव्हता. राजा संतापून काठावर आला, पण आता संताप काढायचा कोणावर, हेच त्याला कळेना.

म्हातारीने तळातून मूठभर काळा, घाणेरडा चिखल काढला आणि त्याच्यापुढे धरला. त्यात भाताची शितं होती.

"वळखा, महाराज. तुमचाच घास हाय."

राजाचा चेहरा उतरला. हौदात आता दोनच मासे उरले होते, तेही धापा टाकत होते.

"यांना वाचव," तो काकुळतीला येऊन म्हणाला.

"पानी मी बदलते. पन फटीफटीतली घान काढायला खेकडेच पायजेत. ते आज आले तर हे दोन जगतील."

राजा धावत किनाऱ्यावर गेला. म्होरक्या खडकावर बसला होता.

"येतो," तो म्हणाला. "पण आम्ही मारेकरी नाही, अशी दवंडी पिटा."

"माफी मागतो ना! इथेच मागतो, हात जोडून."

"इथे कोण ऐकतंय? बदनामी अशी एकांतात केली नव्हतीत, महाराज!"

राजाने जोडलेले हात सोडले. विचार करून सांगतो म्हणाला आणि महालात परतला. प्रधानाला बोलावलं, शास्त्रीबुवांना बोलावलं. दवंडीत 'राजा चुकला' म्हणायचं की नुसतं 'चूक झाली' म्हणायचं, यावर खल सुरू झाला. मासे मरणाच्या दारात आणि ही मंडळी शब्द निवडत बसली!

दुपार कलली तेव्हा म्हातारी दरबारात आली. तिने दोन्ही मासे राजापुढे जमिनीवर ठेवले. ते मेले होते.

"शब्द ठरले का, महाराज?" तिने विचारलं.

तो हौद पुन्हा कधी भरला नाही.

तात्पर्य: मेलेल्याजवळ सापडला म्हणून कोणाला मारेकरी ठरवण्याआधी आपला हात तपासावा, आणि चूक चारचौघांत केली असेल तर ती चारचौघांतच आणि वेळेवर कबूल करावी.