चार झेपांची लांडोर

फार पूर्वी देवराईत एक लांडोर राहायची. दिवस मावळला की एका झेपेत जांभळाची उंच फांदी गाठायची, हा तिचा बाणा. पण पिल्लं मोठी झाली, अंग जडावलं, झेप तोकडी पडू लागली. एका संध्याकाळी ती आपटली आणि कोल्ह्याच्या तावडीतून कशीबशी सुटली.

फांदीवरून धाकटी जाऊ हसली, "जाऊबाई, उद्या कोल्हेबुवांना पाट मांडू का?"

लांडोरीने वनदेवीपुढे मान लववली. "आई, नवे पंख मागत नाही. अक्कल तेवढी दे."

दुसऱ्या दिवशी तिने दाणे टिपणं उजेडातच आवरलं. आधी वारुळावर चढली, मग आडव्या खोडावर, मग जांभळाच्या बेचक्यात. प्रत्येक ठिकाणी देवीचं नाव घेत दम खाल्ला. कोल्हा आला, तेव्हा ती फांदीवर पिसं सारखी करत होती.

"एका झेपेत आलात?" जाऊने विचारलं.

"चार झेपांत! वाटेत जांभळंही खाल्ली."

जाऊ जवळ सरकली. "उद्या निघताना मलाही हाक मारा हो."