धाकूच्या उंबरठ्यावरची तानी

फार फार मागची गोष्ट, खाडीवर पूल नव्हता तेव्हाची. उगवेवाडीच्या तरीवर धाकू होडी चालवायचा. घरात तो आणि त्याची थोरली बहीण तानी, दोघंच.

धाकूची कधीकधी झोपच उडायची. मग तो दिवसरात्र गायचा, उधाणात होडी लोटायचा, आणि चिखलातून चालला तरी त्याचं पाऊल उमटत नसे, असं म्हणतात. गाव म्हणे, अंगात देव आला. लोक ढोल बडवत, पाया पडत. पुढे तोच धाकू भिंतीकडे तोंड करून पडायचा. खात नसे, बोलत नसे. त्या खोलीत दिवा लावला तरी उजेड पडत नसे, असं म्हणतात. मग तेच शहाणं गाव म्हणे, भूत लागलं, आणि भगत मिरच्यांची धुरी घेऊन हजर! देव गेला की पाठोपाठ भूत येतं, हे एकट्या तानीच्या ध्यानात आलं होतं. तिला दोघांचीही धास्ती वाटे.

एका जत्रेला धाकू "पान्यावरनं चालत जातो" म्हणत खाडीत शिरला. पाणी गळ्याशी आलं, तरी काठावर गाव ढोल बडवतच होतं. तानीनं कोयत्यानं ढोल फाडला, पाण्यात उडी घेतली आणि भावाला केसांना धरून ओढून आणलं.

"द्येव बी न्हाय नि भूत बी न्हाय," ती ओरडली. "ह्यो एकच आजार हाय. चढतो नि उतरतो. माजा भाव मेला असता रे!"

तेव्हापासून त्याची झोप उडाली की ती वल्ही लपवी, त्याला शांत खोलीत निजवी. तो पडून राहिला की पेज भरवी आणि भगताला अडवत उंबरठ्यावर बसून राही. आजार येत राहिला, पण धाकू जगला.

पुढे तानी वारली आणि धाकू पुन्हा भिंतीकडे वळला. आता हा काही उठत नाही, असं धरून लोक दारात आले. उंबरठ्यावर कुणीच नव्हतं. कुणी उंबरठ्याला हात लावला तर तो माणसाच्या अंगासारखा उबदार लागला. आतून धाकू हळूच म्हणाला, "तिला उठवू नका. बसू द्या." सगळे दारातून मागे सरले. धाकू मात्र उठला, आणि चांगला म्हातारा होऊन गेला.

आजही उगवेवाडीत कुणाची झोप उडाली, किंवा कुणी अंथरूण सोडेना, तर त्याला डॉक्टरकडे नेतात, आणि शेजारी पाळीपाळीनं त्याच्या उंबरठ्यावर येऊन बसतात. बसताना बाजूला एका माणसाची जागा सोडतात. ती रिकामी आहे, असं तिथं कुणीच म्हणत नाही.